तहनाम्यातला एक शब्द

दर हिवाळ्यात मी साताऱ्याला मोडीचा आठ दिवसांचा वर्ग घेतो. शेवटच्या दिवशी १८१८ सालच्या आगेमागचे कागद वाचायला देतो. तोवर मुलांची नजर बसलेली असते, बोरूचा ओघ कुठे वळतो ते कळू लागलेले असते. गेल्या खेपेला वर्गात एक निवृत्त शिक्षिका होत्या. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला आणि विचारले, "सर, आपण हरल्यावर त्यांनी आपल्याला न्यायाने वागवलं की नाही? एका वाक्यात सांगा."

मला एका वाक्यात सांगता आले नाही. तीस वर्षे मी याच कागदांत आहे. तरीही त्या रात्री झोप लागली नाही. बाईंना जे तेव्हा सांगायला हवे होते ते इथे लिहितो आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, इंग्रज फार उदार वागले. पेशव्याला सालीना आठ लाख रुपये दिले, छत्रपतींना त्याच्या कैदेतून सोडवून गादीवर बसवले, इनामे-वतने राखली, देवस्थानांना हात लावला नाही. दुसरे म्हणजे, लुटारूंनी सगळे घशात घातले. ही दोन्ही उत्तरे देणारी माणसे मला भेटतात, आणि दोघांच्याही हातात अस्सल कागद असतो. फरक एवढाच की पहिल्याचा कागद १८१८-१९ चा असतो आणि दुसऱ्याचा १८३९ च्या पुढचा. माझे मत असे की तह लिहिला गेला तेव्हा तो हरलेल्याला खरोखर बरा होता. पण त्यातल्या शब्दांचा अर्थ लावण्याचा हक्क जिंकणाऱ्याने स्वतःकडे ठेवला, आणि त्या एका हक्काने पुढच्या तीस वर्षांत सगळा तह पोखरून काढला.

आधी बाजीरावाचे पाहू. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर दुसरा बाजीराव नुसता पळत होता. मे महिन्याच्या अखेरीस तो अशीरगडाजवळ धूळकोटला येऊन थांबला. फौज विरघळत चाललेली, अरब शिबंदी पगारासाठी अडून बसलेली. समोर इंग्रजांचा सर जॉन माल्कम. १ जूनला माल्कमने अटी पाठवल्या आणि उत्तराला चोवीस तास दिले. ३ जूनला बाजीराव त्याच्या छावणीत आला.

त्या अटी मी किती वेळा वाचल्या असतील! बाजीरावाने स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने पुण्याच्या राज्यावरचा सगळा हक्क सोडायचा. एक दिवसही न दवडता हिंदुस्थानात, म्हणजे नर्मदेपलीकडे उत्तरेत जायचे. काशी किंवा दुसऱ्या एखाद्या तीर्थक्षेत्री राहायचे. त्याच्यापायी धुळीला मिळालेल्या माणसांबद्दल आणि त्याच्या घराण्याने चालवलेल्या धर्मादायांबद्दल त्याने केलेल्या विनंतीचा उदारपणे विचार होईल. आणि त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी नेमणूक मिळेल. रक्कम गव्हर्नर जनरल ठरवतील, पण ती आठ लाखांखाली जाणार नाही एवढे वचन माल्कमने स्वतःच्या अंगावर घेतले.

हे वचन गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला आवडले नाही. बाजीरावाला पळायला वाट उरलेली नव्हती, मग एवढे कशाला, असे त्याचे म्हणणे. माल्कमचे उत्तर व्यवहारी होते: पावसाळा तोंडावर आहे, अशीरगड अजून शिंद्यांच्या किल्लेदाराच्या हाती आहे, आणि हा माणूस मोकळा राहिला तर दख्खनभर बंडाचा निखारा धुमसत राहील. त्यापुढे आठ लाख स्वस्त. शेवटी कंपनीने माल्कमचा शब्द पाळला. बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, बिठूरला राहिला आणि २८ जानेवारी १८५१ ला वारला. बत्तीस वर्षांहून अधिक काळ नेमणूक चालू राहिली. बेरीज अडीच कोटींच्या वर जाते.

आता तो शब्द. कुटुंब. बाजीराव गेल्यावर दत्तक पुत्र नानासाहेबांनी नेमणूक चालू ठेवण्याचा अर्ज केला. तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने तो फेटाळला. नेमणूक बाजीरावाच्या हयातीपुरती होती, त्याने पुष्कळ मिळवले, मागे पुष्कळ ठेवले आहे, एवढे त्याला पुरे वाटले. नानासाहेबांचे वकील अझीमुल्ला खान विलायतेला जाऊन आले, हाती काही लागले नाही. आपल्याकडची बहुतेक पुस्तके इथे सरळ 'विश्वासघात' म्हणतात. मी तो शब्द इथे वापरत नाही, आणि त्याबद्दल व्याख्यानांत मला बरेच ऐकून घ्यावे लागले आहे. माल्कमच्या अटीत 'कुटुंब' आहे, 'वंशपरंपरा' नाही. राज्य सोडताना वारसांचा उल्लेख आहे, नेमणूक देताना तो नाही. १८१८ साली बाजीरावाच्या बाजूला हे कलम बारकाईने वाचणारा कुणी शांतपणे बसलेला नव्हता; चोवीस तासांत कोण बसेल? डलहौसीने शब्दाचा जितका आखूड अर्थ निघेल तितका काढला. हे कोतेपण आहे, नानासाहेबांवरचा अन्याय आहे. पण करार मोडला असे मला कागदावरून म्हणता येत नाही.

साताऱ्याच्या बाबतीत मात्र म्हणता येते, आणि मी ते मोठ्याने म्हणतो.

कंपनीचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावावरचे आरोप आहेत, छत्रपतींना त्यांच्या इतमामाला साजेसे राज्य देण्याचे आश्वासन आहे, आणि रयतेला सांगितले आहे की वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांचे खर्च चालू राहतील, कुणाच्या धर्मात हात घातला जाणार नाही, मामलती मक्त्याने देण्याची रीत बंद होईल. बाजीरावाच्या नोकरीतल्या माणसांना घरी परतायला दोन महिन्यांची मुदत दिली. लढाई अजून चालू होती हे लक्षात घ्या. हा जाहीरनामा हे लढाईचेच हत्यार होते, आणि फार नेमके बसले. सरदार एकेक करून घरी गेले.

एप्रिल १८१८ मध्ये प्रतापसिंह गादीवर बसले. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. नीरा आणि वारणा यांच्यामधला मुलूख, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंत, असे राज्य राजे, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांना निरंतर दिले गेले. 'निरंतर' आणि 'वारस' हे दोन्ही शब्द त्यात आहेत. बाजीरावाच्या नेमणुकीच्या अटीत जे नव्हते ते इथे स्पष्ट होते. पण आणखी एक कलम होते: कंपनीच्या परवानगीवाचून बाहेरच्या कुठल्याही राजाशी, सरदाराशी पत्रव्यवहार करायचा नाही, केला तर राज्य धोक्यात. नव्या घरातच सुरुंग पेरून किल्ली हाती द्यावी तसे हे कलम.

पहिली काही वर्षे कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे आपला बखरकार ग्रँट डफ, साताऱ्याला कारभार पाहत होता. १८२२ मध्ये त्याने तो राजांच्या हवाली केला. प्रतापसिंह कामाला वाघ होते. स्वतः रोजनिशी ठेवत, शहराला पाणी आणले, रस्ते केले, शाळा काढली, छापखाना घातला. महाबळेश्वरची हवा गोऱ्या साहेबांना मानवते असे दिसल्यावर वाईकडचे खंडाळा घेऊन त्यांनी ती जागा कंपनीला दिली. आपण आज जिथे स्ट्रॉबेरी खायला जातो तिथे माल्कमच्या नावाची पेठ त्या अदलाबदलीतून उभी राहिली. १८३५ मध्ये कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांनी राजांच्या उत्तम कारभाराबद्दल एक रत्नजडित तलवार आणि प्रशंसेचे पत्र पाठवायचे ठरवले.

ती तलवार राजांच्या हाती कधी पडली नाही. ती मुंबईला पोचेपर्यंत वारे फिरले होते. काही जहागिरींवर हुकमत कुणाची, यावरून राजे आणि मुंबई सरकार यांच्यात आधीच वाद होता. तहाचा आधार घेऊन राजे आपला हक्क मागत होते आणि लंडनला न्याय मागण्याची भाषा बोलत होते. १८३६ पासून आरोप सुरू झाले: कंपनीच्या पलटणीतल्या हिंदी अंमलदारांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी सूत जुळवले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले. मी हे पुरावे पाहिले आहेत. साक्षी परस्परविरोधी, पत्रे संशयास्पद, चौकशी गुप्त. आरोपीला साक्षीदारांची उलटतपासणीही नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याने राजांपुढे एक कागद ठेवला. तह मोडल्याचे कबूल करा, सही करा, झाले गेले विसरून जाऊ, गादी तुमचीच. राजांनी सही केली नाही. केली असती तर त्यांचे राज्य त्यांच्या हयातीत तरी वाचले असते. केली नाही, कारण ज्या तहावर ते वीस वर्षे उभे होते तो आपण मोडला असे लिहून देणे त्यांच्या लेखी खोटे होते. सप्टेंबरच्या पाच तारखेला, पुरते उजाडायच्या आत, रेसिडेंट ओव्हान्सने त्यांना वाड्यातून उचलले. आधी जवळच्या लिंब गावी आणि मग काशीला नेले. तिथेच १४ ऑक्टोबर १८४७ ला ते वारले.

धाकटे बंधू शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, त्यांच्या जागी बसवले होते. ५ एप्रिल १८४८ ला तेही गेले. मरणाच्या दिवशी त्यांनी भोसले कुळातला मुलगा दत्तक घेतला होता. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, दोघांनी लिहून कळवले की दत्तक मानला पाहिजे, तह तसे सांगतो. म्हणजे जिंकणाऱ्यांच्याच घरातली दोन शहाणी माणसे हरलेल्याच्या बाजूने उभी राहिली. डलहौसीने ऐकले नाही. त्याचा युक्तिवाद असा की दत्तकाला खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून घेतलेला दत्तक राज्याचा वारस नव्हे. जानेवारी १८४९ मध्ये डायरेक्टरांनी मान डोलावली. 'वारस' या शब्दात औरसच धरायचा हे कोणी ठरवले? हिंदू राजाशी करार करताना हिंदू शास्त्रातला वारस धरायचा नाही, असे १८१९ च्या कागदात कुठे आहे? कुठेही नाही. मी तो तह पालथा घातला आहे.

प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते या खटल्यासाठी विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले, चौदा वर्षे. एका हरलेल्या राजाच्या वतीने, परक्या देशात, परक्या भाषेत, ते इंग्रजांच्याच तहाचे कलम इंग्रजांनाच वाचून दाखवत होते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना चार ओळी मिळतात, याचे मला वाईट वाटते. १८५७ च्या कटात त्यांचे नाव आले, ते निसटले आणि पुन्हा कधी सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्याच्या गेंडामाळावर मारल्या गेलेल्या सतरा जणांत होता.

वर्गातली मुले पुष्कळदा व्हर्सायच्या तहाची गोष्ट काढतात, कारण शाळेत तो सगळ्यांनी वाचलेला असतो. २८ जून १९१९ चा तह जर्मनीला कागदावर कमालीचा कठोर होता: युद्धाची जबाबदारी त्यांच्या माथी, पुढे १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई. पण वर्षे गेली तसा तो सैल होत गेला. ऱ्हाइनकाठचे सैन्य १९३० मध्ये मुदतीआधी निघाले, १९३२ मध्ये भरपाई जवळजवळ सोडून देण्यात आली. आपल्या तहाचे नेमके उलटे. तो लिहिताना मऊ होता, आणि जसजशी वर्षे गेली तसतसा आवळत गेला. म्हणून मी मुलांना सांगतो, तहाची तारीख पाहून न्याय ठरवू नका. तीस वर्षांनंतरचा कागद आधी मागा.

पण मऊ म्हणताना सुद्धा माझा हात अडखळतो, तो थाळनेरमुळे. शिरपूरजवळ तापीच्या काठी हा किल्ला आहे. तो होळकरांचा. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी तो इंग्रजांना दिला होता. २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन आला तेव्हा किल्ल्यावरून गोळी चालली. पुढे बोलणी झाली, दिंडी दरवाजा उघडला, काही गोरे अंमलदार आत शिरले आणि गोंधळात कापले गेले. त्यानंतर शिबंदीतली बहुतेक माणसे ठार झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना त्याच दिवशी फाशी दिले. धन्याने दूर माळव्यात केलेला तह त्यांच्यापर्यंत कोणत्या रूपात पोचला होता? की पोचला असूनही मीठ खाल्ले म्हणून ते लढले? दोन्हीपैकी काही असो, तहाच्या पोटात बसलेला एक माणूस तह झाल्यावर बंडखोर म्हणून टांगला गेला. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने फौजेचे आभार मानले तेव्हा थाळनेरच्या फाशीवर आपली संमती त्यांत धरू नये असे मुद्दाम नोंदवले. त्यांच्याही मनाला ते खुपले होते.

तसाच पुण्यातला एक खटला. नारो गोविंद औटी हे बाजीरावाचे खजिनदार. लढाई सरल्यासारखी झाल्यावर १८१८ मध्ये पुण्याचा कलेक्टर रॉबर्टसन याने त्यांना घरात कोंडून त्यांच्याकडचे सोने जप्त केले. ते सोने खाजगी की पेशव्याचे, यावर वारसांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली आणि ती जिंकली. १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. जप्ती झाली तेव्हा युद्ध खऱ्या अर्थाने संपलेले नव्हते, म्हणून दिवाणी कोर्टाला त्यात पडताच येत नाही, असा त्यांचा निर्णय. युद्ध कधी संपले हे सुद्धा जिंकणाराच ठरवतो, हे मला या निकालाने शिकवले.

आणि आता ज्यांच्यासाठी कलमच नव्हते त्यांच्याविषयी. सरदारांना जहागिरी राहिल्या. सांगली-मिरजेचे पटवर्धन, भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे यांच्याशी करारमदार झाले. पुण्यात सरदारांसाठी वेगळा एजंट नेमला, त्यांना साध्या कोर्टात ओढायचे नाही असे ठरले. शिलेदार, बारगीर, गडावरचे हशम यांचे काय? त्यांची चाकरीच गेली. गडावरची राखण आणि तिच्या मोबदल्याची जमीन हाच ज्यांचा पिढीजात आधार होता, अशांपैकी पुरंदरच्या परिसरातले रामोशी. उमाजी नाईक त्यांतलाच. त्याने बंड केले आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्याला फाशी दिले. त्याच्या बंडाची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही.

इनामांचे वचनही पुढे उसवले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला सारी इनामे तपासायचे अधिकार मिळाले. ज्यांच्याकडे सनद, पावती, पेशव्यांच्या वहीतली नोंद नाही, त्यांची जमीन खालसा. आणि नोंद शोधायची कुठे? पेशवे दप्तरात. ज्या दप्तरावर आम्ही सारे इतिहासकार जगलो, ज्यातून गो. स. सरदेसाईंनी पंचेचाळीस खंड काढले, ते दप्तर नीट राखले जाण्याचे एक मोठे कारण हे की हरलेल्यांचे दावे तपासायला ते हवे होते. पुण्याच्या पुराभिलेखागारात मी कागदांचे रुमाल सोडतो, जुन्नरी कागदाचा तो विशिष्ट वास येतो, समासात दुसऱ्याच शाईने इंग्रजी अंक घातलेले दिसतात. ते अंक तपासणाऱ्या कारकुनाचे. त्या एका अंकावर एखाद्या घराचा दाणागोटा ठरला असेल. तीस वर्षांनंतरही अशा पानावर बोट ठेवताना माझा हात थोडा थांबतो.

या दप्तरात ज्यांना काही मिळत होते त्यांची नावे आहेत. ज्यांची चाकरी सुटली आणि बदल्यात काहीच मिळाले नाही, ते घोडेवाले, गडकरी, बंदुकवाले तिथे क्वचितच सापडतात. त्यांची हकीकत असली तर तुमच्या घरांत आहे: माळ्यावरच्या पेटीत, देव्हाऱ्यामागच्या नळीत, आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी. दिवाळीची आवराआवर करताना मोडी अक्षराचा कागद दिसला, तर तो रद्दीत घालू नका, लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी आहे तशी ठेवा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा, आणि जवळच्या मोडी वाचकाला किंवा पुराभिलेखागाराला दाखवा. वर्गातल्या त्या बाईंनी घरी गेल्यावर तेच केले. त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना अजिंक्यताऱ्याच्या एका दरवाजाच्या राखणीबद्दल मिळणाऱ्या धान्याची ती याद आहे. तीत १८१८ नंतरचे एकही साल नाही.